काटा आणि सवाल : शेळी-कोंबडी विक्रीच्या नोंदी, आटपाडी

शनिवार, १२ एप्रिल २०२५

दोन बोकड आटपाडीच्या बाजारात १७,००० ला गेले. उक्ते, जोडीनं. ह्यांनी २२,००० सांगितले होते, व्यापाऱ्यानं १४,००० पासून सुरुवात केली, दलालानं मध्ये पडून दोघांचे हात एकमेकांत दिले आणि सौदा मिटला. दलालीचे २०० वेगळे. तोवर मला काही वाईट वाटलं नव्हतं. रसाच्या गाड्यावर उभी होते, तर तेच दोन बोकड समोरून चाललेले. एकाचा कान पांढरा, लांबूनही ओळखू येतो. दाव्याला दुसराच माणूस. सहज विचारलं, कितीला घेतली जोडी? "वीसला." मध्ये अर्धा तास गेला असेल.

परतताना ह्यांना विचारलं, वजन किती होतं हो त्यांचं? म्हणाले, असतील पंचवीस-तीस किलो. पंचवीस का तीस? दोघांत मिळून दहा किलोचा फरक पडतो, आणि तो फरक ज्याला दिसला त्यानं अर्ध्या तासात ३,००० मिळवले.

घरी येऊन आमच्या शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्या गटाची वही चाळली. नऊ घरांनी वर्षभरात विकलेल्या एकाही जनावराचं वजन लिहिलेलं नाही. तारीख, रक्कम आणि "बोकड १". कांदा आपण किलोवर देतो, दूध फॅट लावून घालतो, आणि वर्षभर सांभाळलेला बोकड दुसऱ्याच्या नजरेवर सोडतो.

बुधवार, १६ एप्रिल

गटाची बैठक. ठरलं ते एवढंच: आखाड संपेपर्यंत विकायचं प्रत्येक जनावर आधी घरी तोलायचं आणि वहीत लिहायचं. लिहायचं काम सचिव म्हणून माझ्याकडं. काट्यासाठी वर्गणीतून पैसे काढायला गटातल्या आक्कांचा विरोध होता. "वजन केल्यानं बोकड वाढतोय का?" हा त्यांचा प्रश्न. उत्तर मलाही देता आलं नाही.

विट्याहून प्लॅटफॉर्मचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, ७,२०० रुपये. २५० रुपयांच्या ताणकाट्यावर भागलं असतं असं ह्यांचं म्हणणं, पण काट्यावर देणं-घेणं करायचं तर त्यावर वैधमापनचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का पाहिजे. उद्या कुणी शंका काढली तर दाखवायला कागद असावा.

शनिवार, १९ एप्रिल

बाजाराला गेलो नाही. दिवसभर तोलणंच केलं. बोकड काट्यावर चार पाय ठेवून उभा राहत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन पाय काट्यावर, दोन जमिनीवर, तोंड चाऱ्याकडं. शेवटी उपाय निघाला: माणसानं बोकड उचलून काट्यावर उभं राहायचं, मग माणसाचं वजन वजा करायचं. त्यामुळं गटातल्या सगळ्या बायकांची वजनं वहीत आली. आक्का काट्यावर चढल्या नाहीत. "माझा बोकड भावजी उचलतील," म्हणाल्या.

टेपनंही मोजून बघितलं. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी सांगितलेली रीत अशी: पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. आमच्या काळ्याचा घेर २८, लांबी २६. उत्तर ३०.९ किलो. काट्यावर भरला २९.६. एवढा फरक चालतो. बाजारात काटा काखेत मारून जाता येत नाही, शिवणाचा टेप पदरात बसतो.

शनिवार, २६ एप्रिल

आज विकायला दोनच बोकड नेले, बघायला मात्र दिवसभर थांबले. तात्याही आले. (सासरे. पन्नास वर्षं हा बाजार करतायत.)

आधी दात. व्यापारी बोकडाजवळ आला की पहिला हात जबड्याला. खालचा ओठ अंगठ्यानं दाबतो, दात दिसतात न दिसतात तोच सोडतो. अदत म्हणजे सगळे दुधाचे, वर्षाच्या आतला. मधले दोन मोठे आले की दोन दाती, म्हणजे वर्ष ओलांडून पुढं. चार दाती दोन वर्षांच्या आसपास. आठही आले की जुळली. शेळी घेणाऱ्याला हे फार लागतं, कारण "दुसऱ्या वेताची आहे" म्हणून सांगितलेली शेळी तोंड उघडल्यावर जुळलेली निघते.

मग दुसरा हात पाठीवर. हे मी जवळून बघितलं. माकडहाडाच्या पुढं, कमरेवर, चार बोटं एका अंगाला आणि अंगठा दुसऱ्या अंगाला, आणि दाबतो. मणक्याची टोकं बोटाला टोचतात का मांसात बुडतात, ते बघतो. पोटाकडं बघत नाही. शेपटीच्या मुळाशी एकदा चिमटा. संपलं. सगळं मिळून दहा सेकंद.

आमचे दोघे घरी भरले होते २८.२ आणि २८.० किलो. मी म्हटलं, दोन्ही सारखे, दरही सारखा द्या. शेजारच्या गावचे खाटीक होते, माणूस सरळ. हसले. "वहिनी, काटा तुमचा बरोबर असेल. पण ह्याचं पडेल साडेतेरा, आणि त्याचं बारा. दीड किलो मटणाचे पैसे मी कशाला देऊ?" एकाला ९,४०० दिले, दुसऱ्याला ८,३००. मला पटलं नव्हतं, तरी दिले, कारण एक अट घातली: कापल्यावर वजन कळवायचं.

टॉवेलाखाली हात घालून सौदा करणारे दोन म्हातारे आजही दिसले. बोटं धरतात, तोंडानं मात्र हवापाण्याच्या गप्पा. हजार का शंभर हे आधी ठरलेलं असतं, टॉवेलाखाली फक्त आकडा. तात्या म्हणाले, त्यांच्या लहानपणी व्यापारी चारचौघांत "मुळू", "अंगळू" असं बोलायचे. मुळू म्हणजे पाच, अंगळू म्हणजे दहा. ही जुनी नंदभाषा, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. मला वाटलं, आजही काय वेगळं आहे? आकडा आपल्यासमोर असतो आणि आपल्याला दिसत नाही.

सोमवार, २८ एप्रिल

खाटकांचा फोन. पहिला १३.६ किलो पडला, दुसरा १२.२. जिवंत वजनाच्या ४८ टक्के आणि ४४ टक्क्यांच्या आत. दुसऱ्याच्या पोटात जंत होते. पोट सुटलेलं आम्हाला अंगावर आल्यासारखं वाटलं होतं.

म्हणजे त्यांच्या बोटांचा अंदाज शंभर-दोनशे ग्रॅमनं चुकला. आम्ही काट्यावर पोटातल्या पाण्या-चाऱ्यासकट सगळं तोलतो, ते हुकाला लटकणारं तेवढंच तोलतात. वहीत आता तिसरा रकाना: कमरेला हात लावून मणका लागतो, थोडा लागतो, लागत नाही.

बुधवार, ७ मे

सगळ्या करडांना जंताचं औषध. पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची (आतड्यात विष होणाऱ्या रोगाची) लसही आज झाली, ८३ जनावरं. विशेष काही नाही. आक्कांची एक पाट (मादी करडू) हातातून सुटून हौदात पडली.

शुक्रवार, १६ मे

आमचा स्वतःचा पहिला लिलाव. कल्पना माझी, म्हणून फजितीही माझीच.

विचार असा होता की आम्ही गाडीभाडं खर्चून बाजारात जातो, त्यापेक्षा व्यापारीच गावात आले तर? सहा बोकड, एकूण १४८.२ किलो. प्रत्येकाच्या गळ्यात पाटीचा तुकडा, त्यावर खडूनं वजन आणि दात. तीन व्यापाऱ्यांना फोन केले, तिघंही आले. ग्रामपंचायतीसमोर खुर्च्या टाकल्या, चहा दिला. सवाल, म्हणजे लिलावाची बोली, ३३० रुपये किलोपासून सुरू करायचा ठरवलेला.

भावजींनी पुकारलं. शांतता. एकानं तंबाखू मळली. दुसऱ्यानं मोबाइल काढला. तिसरा म्हणाला, "तीनशे." भावजींनी बाकीच्यांकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते. एक वार, दोन वार. दुसऱ्या बोकडालाही तीनशे, ह्या वेळी दुसऱ्याचा आवाज. तिसऱ्यालाही तीनशे. आता तिसऱ्याची पाळी. मी पुकार थांबवला. कुणीच विकत दिला नाही.

संध्याकाळी भावजींना ते तिघं फाट्यावरच्या हॉटेलात एका टेबलावर दिसले. वाटणी येण्याआधीच झाली होती. आमचे बोकड तीनशेनं घेऊन तिथं आपसात खरा सवाल झाला असता, आणि वरचे पैसे तिघांत. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तीनच गिऱ्हाइकं बोलवली, तीही एकमेकांच्या ओळखीची, तर दुसरं काय होणार होतं?

शनिवार, १७ मे

तेच सहा बोकड पिकअपमध्ये घालून आटपाडीला. बाजाराच्या दारात एका आडत्याच्या काट्यावर तोलले: १४३.५ किलो. रात्रीतून आणि प्रवासात ४.७ किलो गेले. लेंड्या, मूत, धसका. किलोच्या भावानं विकणाऱ्यानं हे आधीच धरायला पाहिजे. (उलट बाजूही ऐकायला मिळाली: वजनावर विकायचं कळलं की काहीजण सकाळी मीठ चारून पाणी पाजतात. जाणता गिऱ्हाईक ढुशी मारल्यासारखं पोट हलवून बघतो, आत पाणी खळखळतं.)

सहाही एकाच व्यापाऱ्याला, ४९,२०० ला. गाडीभाडं १,२००, पावती-चहा २००. हातात ४७,८००. घरच्या वजनावर भागलं तर किलोला ३२२ रुपये. तीनशेनं दिले असते तर ४४,४६०. म्हणजे ३,३४० रुपये जास्त मिळाले, तीन माणसांचा एक दिवस मोडून. फायदा झाला, पण बैठकीत सांगताना आवाज चढवावा इतका नाही.

एक मात्र बदललं. व्यापाऱ्यानं ४५,००० म्हटल्यावर ह्यांनी मान हलवली नाही. "एकशे त्रेचाळीस किलो आहे," एवढंच म्हणाले. आकडा तोंडात असला की माणूस घाई करत नाही.

मंगळवार, २७ मे

तीन दिवस पाऊस. मे महिन्यात ओढा वाहतोय, असं तात्यांनीही क्वचित बघितलंय. गोठ्यात चिखल, दोन करडांचे खूर चिघळले. बकरी ईदच्या तयारीचे बोकड आक्कांच्या सोप्यात बांधलेत, त्यामुळं आक्का स्वतः गोठ्यात झोपतात असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्यात. खोटं आहे.

शनिवार, ३१ मे

ईद ७ जूनला, त्याआधीचा शेवटचा बाजार. आमचे चार दोन दाती बोकड. इथं काटा कुणी विचारला नाही. कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला आणि निर्दोष बोकड लागतो. लंगडा नको, आंधळा नको, कान तुटलेला नको. त्यावर मग रूप: उंची, शिंगांचा बाक, अंगाची चकाकी. ३१ किलोचा लांबकान्या १७,५०० ला गेला. त्याहून दोन किलो जास्त भरणाऱ्या काळ्याला कुणी हात लावला नाही, कारण लहानपणी कुत्र्यानं त्याचा अर्धा कान तोडलाय. तो शेवटी खाटकाला १०,८०० ला दिला. तो कान सहा-सात हजारांना पडला. पुढच्या वर्षी ईदसाठी धरायची करडं महिन्याची असतानाच निवडायची आणि कुत्र्यापासून जपायची, हे वहीत लाल शाईनं.

बाजारात माडग्याळ मेंढ्यांभोवती गर्दी होती. पोपटाच्या चोचीसारखं नाक, लांब पाय, अंगावर तांबूस ठिगळं. २०२० साली आटपाडी तालुक्यातल्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली होती आणि मालकानं दिला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक पोराच्या डोक्यात एक मेंढा आहे. भावजीही घुटमळत होते. ओढून आणलं.

पैदाशीचा बोकड मात्र बाजारातून घ्यायचा नाही असं ठरलं. कुठून आला, काय रोग घेऊन आला, कुणाचा कोण, काही कळत नाही. रांजणीला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथं चौकशी करायची.

शनिवार, १४ जून

कोंबड्यांची चाचपणी. आखाडासाठी तीन घरांत मिळून ३४ गावरान कोंबडे वाढवलेत. भाव बघायला १२ नेले. ७ गेले, ४५० नं. वटपौर्णिमा नुकतीच झालेली, गिऱ्हाईक थंड. "कडकनाथ हाय का?" असं एकानं विचारलं आणि आजूबाजूचे चारजण हसले. २०१९ ला वाळवा तालुक्याकडून जी कडकनाथची योजना आली आणि बुडाली, तिच्यात ह्याच बाजारातल्या कितीतरी घरांचे पैसे गेलेत.

५ परत आणले. अंधार पडला होता. डालग्यात ठेवण्यापेक्षा खुराड्यात सोडले.

शुक्रवार, २० जून

सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर तुऱ्याचा लाल कोंबडा बाहेर आलाच नाही. कोपऱ्यात बसलेला, मान उलटी वळून चोच आभाळाकडं. हिरवट-पांढरी हगवण. दुसरा तोंड उघडून घरघरत होता. आत्यांनी बघितलं आणि एकच शब्द म्हणाल्या: मानमोडी.

डॉक्टर आले. राणीखेतच. औषध नाही, लस हाच उपाय, आणि आमच्या अर्ध्या पक्ष्यांची आठ आठवड्यांनंतरची लस राहिली होती. बाजारातून परत आणलेल्या पाचांना निदान तीन आठवडे वेगळं ठेवायला हवं होतं. त्यांनी विचारलं, कुणी सोडले आत? मी.

मंगळवार, १ जुलै

तीन घरांतले ६१ पक्षी होते, त्यातले २६ गेले. खड्डा खोल घेऊन चुना टाकून पुरले. एका घरातून मेलेले ओढ्यात टाकले गेले होते, त्यावरून बैठकीत भांडण. आखाडासाठीचे कोंबडे उरले १९. कुणी मला बोललं नाही. आत्यांनी तेवढं नवीन डालगं आणलं आणि माझ्या दारात ठेवलं.

शुक्रवार, १८ जुलै

दुसरा लिलाव. आखाडाचा शेवटचा रविवार दोन दिवसांवर, लक्ष्मीआईच्या यात्रा चाललेल्या. ह्या वेळी तीन बदल.

व्यापाऱ्यांवर विसंबायचं नाही. आजूबाजूच्या पाच गावांत रिक्षातून पुकारून सांगितलं, ढाबेवाल्यांना आणि जेवणाची ऑर्डर घेणाऱ्यांना फोन केले. दुसरं, बोकडांना सवाल नाही, चिठ्ठी. किलोचा दर आणि नाव लिहून डब्यात टाकायचं, डबा सगळ्यांसमोर उघडायचा, ३२५ च्या खाली कुणालाही नाही. शेजारी गप्प बसला म्हणून फायदा नाही, कारण त्यानं काय लिहिलं ते दिसत नाही. तिसरं, बसायला येणाऱ्यानं आधी २०० अनामत ठेवायची.

जागेवरून तात्यांनी अडवलं. मारुतीच्या पारावर कोंबड्यांचा लिलाव होणार नाही. मग शाळेमागचं पटांगण.

चार बोकडांना ११ चिठ्ठ्या. सगळ्यात वरच्या चार: ३५२, ३४८, ३४८, ३४०. मागच्या वेळच्या तिघांपैकी एकाची चिठ्ठी ३०० चीच निघाली. सवयीनं लिहिली असणार. वाचल्यावर तोच आधी हसला.

कोंबड्यांना मात्र तोंडी सवाल ठेवला, कारण त्यात गंमत असते आणि गंमत असली की माणसं थांबतात. पायाला रंगीत दोरा, वजन पाटीवर, सवाल २० रुपयांनी वाढवायचा. पहिले पंधरा साडेपाचशे ते सातशेच्या दरम्यान गेले. मग तो सोनेरी पंखाचा आला, २.४ किलो. एक ढाबेवाले आणि त्यांचेच मेहुणे. सातशे, आठशे, नऊशे. मेहुण्यांची मिसेस मागून शर्ट ओढत होती. १,१४० ला मेहुण्यांचा झाला, टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मेहुणे म्हणाले, चेष्टा होती. ८०० देतो. भावजी तापले. तात्यांनी मध्यम मार्ग काढला: अनामत जप्त, कोंबडा दुसऱ्या सवालाला, म्हणजे १,१२० ला, त्यांच्या दाजींकडं, ढाबेवाल्यांकडं. दाजी म्हणाले, मी तर ह्याला चढवायला बोलत होतो. शेवटी तो ९०० ला तिसऱ्याच माणसानं नेला आणि जप्त झालेल्या ४०० रुपयांचे सगळ्यांना वडे खाऊ घातले. नियम लिहून ठेवला: अनामत २०० नाही, ५००.

शनिवार, २६ जुलै

परवा गटारी, काल श्रावण लागला. बाजार रिकामा. १८ तारखेला सहाशेचा कोंबडा आज कुणी चारशेला विचारत नव्हता. शेळ्या घेणारे मात्र आलेत, पाळायला नेणारे, कारण चारा झालाय. दोन गाभण शेळ्यांना मागणी होती, दिल्या नाहीत. आता पोटातलं वाढू दे.

वहीत आता ३१ जनावरांची वजनं आहेत. आक्कांचं अजून नाही. काटा त्यांच्याच सोप्यात असतो. परवा त्यांच्याकडं गेले, तर त्या ज्वारीचं पोतं तोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, दुकानदार दोन किलो कमी देतोय.

बाजारातून येताना लसीचा थर्मास आणि बर्फ आणला. उरलेल्या सगळ्या पक्ष्यांना उद्या सकाळी. आत्यांनी खुडूक कोंबडी १३ अंड्यांवर बसवली आहे, आजपासून २१ दिवस, म्हणजे १६ ऑगस्ट. तोही शनिवारच. त्या दिवशी बाजाराला कुणीतरी दुसऱ्यानं जायचं.